वृत्तसंस्थांचे नामांतर आणि संदर्भलेखन : मुळशी सत्याग्रहाच्या निमित्ताने

मुळशी सत्याग्रहाच्या (१९२१-१९२४) अभ्यासात तत्कालीन वृत्तपत्रे हे महत्त्वाचे साधन आहे. मात्र त्यांतील वृत्तसंस्थेच्या बातमीचे श्रेय देताना आजचे परिचित 'पीटीआय' हे नाव लिहिणे हा कालविपर्यास होय. प्रेस ट्रस्ट ऑफ इंडियाची नोंदणी १९४७ मध्ये झाली व १९४९ मध्ये तिने असोसिएटेड प्रेस ऑफ इंडियाचे कार्य हाती घेतले. ही जुनी संस्था रॉयटर्सच्या नियंत्रणाखाली होती. टाटा कंपनीच्या धरणाला विरोध करणाऱ्या मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांची बातमी कोणाच्या दृष्टीतून आली, हा प्रश्नच चुकीच्या नावामुळे पुसला जातो. नुसते 'असोसिएटेड प्रेस' लिहिल्यास अमेरिकन संस्थेचा भ्रम होतो.

आणीबाणीच्या अभ्यासातही हीच अडचण येते. १९७६ मध्ये पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार व समाचार भारती यांचे 'समाचार' या संस्थेत विलीनीकरण झाले. १९७८ मध्ये त्या पुन्हा स्वतंत्र झाल्या. मधल्या काळातील बातमी 'पीटीआय'च्या नावे नोंदविल्यास वृत्तव्यवहाराच्या एकसूत्रीकरणाची खूण नाहीशी होते.

सारांश, श्रेयात बातमीसोबत छापलेले नावच द्यावे. उत्तराधिकारी संस्थेचा उल्लेख स्वतंत्र स्पष्टीकरणात करावा. श्रेयनाम हाही पुराव्याचाच भाग आहे.