शेष आणि पूरक : रेडिओहेडचे दोन अल्बम

एकाच निर्मितिप्रक्रियेतून दोन कृती आकारास आल्या आणि त्या एकापाठोपाठ प्रकाशित झाल्या, की नंतरच्या कृतीला 'शेष' ठरवून समीक्षा मोकळी होते. रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'अ‍ॅम्नेझिअ‍ॅक' (२००१) या अल्बमच्या वाट्याला बऱ्याच अंशी हेच आले. 'किड ए' (२०००) ज्या ध्वनिमुद्रणांतून सिद्ध झाला, त्यांतूनच हाही बव्हंशी घडला.

'मॉर्निंग बेल' हे गीत दोन्ही अल्बममध्ये आहे. 'किड ए'मध्ये ते 'इडिओटेक'च्या यांत्रिक ठेक्याला लागूनच येते. त्यातील पाच मात्रांचे आवर्तन श्रोत्याला स्वस्थता लाभू देत नाही, आणि दुभंगणाऱ्या घराचे सूचन त्या अस्वस्थतेत विरघळते. 'अ‍ॅम्नेझिअ‍ॅक'मध्ये ठेका मागे सरतो, लय मंदावते. तेच सूचन आता विलापाच्या जवळ जाते. यांतील मूळ पाठ कोणता, हा प्रश्न येथे गैरलागू ठरतो, कारण प्रत्येक पाठाला अर्थ मिळतो तो त्याच्या शेजारातून.

'लाइक स्पिनिंग प्लेट्स'चे उदाहरण याहून बोलके आहे. 'आय विल' या गीताचे एक ध्वनिमुद्रण उलटे वाजवून त्यावर ते रचले गेले. खुद्द 'आय विल' मात्र २००३ साली 'हेल टु द थीफ'मध्ये वेगळ्या रूपात प्रसिद्ध झाले. साधित आधी आणि मूळ नंतर, अशा या क्रमाने प्रकाशनकालावर आधारलेली श्रेष्ठ-कनिष्ठता निराधार ठरते.

'अ‍ॅम्नेझिअ‍ॅक' विस्कळीत आहे, हा आक्षेप खोटा नाही. 'हंटिंग बेअर्स' हा लहानसा गिटारखंड किंवा हम्फ्री लिटलटनच्या जॅझवृंदासह केलेले अखेरचे गीत सहजी एका सूत्रात ओवता येत नाही. परंतु 'किड ए'ची बहुप्रशंसित एकसंधता 'पिरॅमिड साँग'सारखी गीते बाहेर ठेवूनच साधली आहे. देरिदाच्या अर्थाने 'पूरक' ज्यात भर घालते त्यातीलच उणीव उघड करते; 'अ‍ॅम्नेझिअ‍ॅक'चे कार्य नेमके हेच आहे. एकसंधतेसाठी काय वगळावे लागले, हे तो ऐकवतो.

२०२१ मध्ये 'किड ए म्नेझिआ' या नावाने दोन्ही अल्बम एकत्र निघाले, तरी त्यांची गीते एकमेकांत मिसळली गेली नाहीत. ही सीमारेषा राखणे रास्तच होते. ती पुसली असती, तर निवड हीच येथे रचना आहे, ही गोष्टही तिच्यासोबत पुसली गेली असती.