साठ शब्दांचं युद्ध

आज आपण एका मजकुराची चिकित्सा करू. मूळ इंग्रजीत त्याचा गाभा जेमतेम साठ शब्दांचा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात सुमारे तीन हजार माणसं मेली आणि तीनच दिवसांनी अमेरिकेच्या काँग्रेसने हा ठराव मंजूर केला. प्रतिनिधिगृहात बाजूने ४२० मतं पडली. विरोधात एकच, बार्बरा ली यांचं.

ठराव काय सांगतो? ज्या राष्ट्रांनी, संघटनांनी किंवा व्यक्तींनी हा हल्ला रचला, केला, त्याला मदत केली किंवा हल्लेखोरांना आसरा दिला, असं राष्ट्राध्यक्ष ठरवतील, त्यांच्याविरुद्ध त्यांनी आवश्यक ते बळ वापरावं. आता यात काय नाही ते पाहा. शत्रूचं नाव नाही, देशाचं नाव नाही, मुदत नाही. आणि शत्रू कोण, हे ठरवणारा व बळ वापरणारा एकच!

आपल्या न्यायदर्शनात लक्षणाचा एक दोष सांगितला आहे, अतिव्याप्ती. शिंगं असलेला प्राणी म्हणजे गाय, असं म्हटलं की म्हैसही गाय ठरते. इथे तेच झालं. अल् कायदाच्या ‘सहयोगी’ संघटना हा शब्द ठरावात नव्हता, तो अर्थ लावताना आत आला. मग येमेन आला, सोमालिया आला. २०१४ मध्ये इसिसविरुद्धही हाच ठराव पुढे केला गेला. ही इसिस कुठून आली? २००३ मध्ये वेगळ्या ठरावाने इराकवर स्वारी झाली. त्या पडझडीत अल् कायदाची इराकी शाखा उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे इसिस निघाली. म्हणजे एका युद्धाने जन्माला घातलेला शत्रू दुसऱ्या युद्धाचं कारण झाला.

कुणी विचारेल, मग अमेरिकेने गप्प बसायचं होतं का? अजिबात नाही. हल्लेखोरांना शासन व्हायलाच हवं होतं. पण ओसामा बिन लादेन २०११ मध्ये मारला गेला, तरी ठराव उरला. २९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये ड्रोनने एका मोटारीवर क्षेपणास्त्र सोडलं. दहा माणसं मेली, त्यांत सात मुलं. एकही अतिरेकी नव्हता. पुढे पेंटॅगॉनने चूक कबूल केली. तोवर तालिबान काबूलमध्ये परतलेही होते.

तर्कशास्त्राच्या वर्गात अतिव्याप्ती झाली तर आपण दोन गुण कापतो. इथे तिची किंमत त्या सात मुलांनी दिली. म्हणून दहशतवादाशी लढतो असं कोणतंही सरकार म्हणेल, आपलंसुद्धा, तेव्हा आपण तीन प्रश्न विचारले पाहिजेत. शत्रू नेमका कोण? तो कोण ठरवणार? आणि लढाई संपली हे कशावरून ओळखायचं?