यंत्राचे ऐकणे

मनाच्या दुखण्यावर संगणकाच्या साह्याने ज्याने त्याने स्वतःच उपचार करावा, अशा कार्यक्रमांविषयी आमच्या पाळकबंधूंत दोन मते ऐकू येतात. कोणी त्यांस सोंग म्हणतो. कोणी, मानसोपचारतज्ज्ञ दूर आणि त्याची फी आवाक्याबाहेर अशा मंडळीसाठी त्यांत मोठी सोय पाहतो. आम्हांस दोन्ही मते उतावीळ वाटतात.

प्रारंभ सोंगाने झाला, हे खरे. 1966 साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' हा संवादाचा कार्यक्रम प्रसिद्ध केला. त्याचे गाजलेले रूप कार्ल रॉजर्स यांच्या पद्धतीने बोलणाऱ्या उपचारकाचे होते : बोलणाऱ्याचेच शब्द प्रश्नरूपाने त्याला परत द्यावयाचे. तो कार्यक्रम घडताना महिनोन्‌महिने पाहिलेल्या त्यांच्या सचिव बाईंनीही, त्याच्याशी बोलताना, वायझेनबॉम यांनाच खोलीबाहेर जावयास सांगितले. आपण किती अस्वस्थ झालो, हे त्यांनी 1976 च्या ग्रंथात लिहिले आहे. आमची अस्वस्थता थोडी निराळी आहे. रॉजर्सप्रणीत ही पद्धत पाळकीय समुपदेशनातही रुजली आहे. मूठभर नियमांच्या यंत्राला तिची नक्कल इतकी साधत असेल, तर मान डोलावीत आम्ही जे ऐकतो, ते कितपत ऐकणे असते?

पुढील कार्यक्रमांनी हे सोंग टाकले. ब्रिटनमधील 'बीटिंग द ब्लूज' किंवा ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचा 'मूडजिम' हे वस्तुतः अभ्यासपुस्तक होत. मनात आलेला विचार लिहावा, त्यास आधार किती तो तपासावा, दिवसाची लहानशी कामे ठरवून करावी, असे ते शिकवितात. शिक्षण चांगले आहे. चारचौघांत दवाखान्याची पायरी चढण्यास लाजणाऱ्याला तर विशेष. परंतु शिकणारा टिकत नाही. ब्रिटनमध्ये 691 खिन्नताग्रस्तांवर केलेली चाचणी 2015 साली प्रसिद्ध झाली. नेहमीच्या वैद्यकीय उपचाराला या दोन कार्यक्रमांची जोड देऊनही चार महिन्यांनी अधिक गुण दिसला नाही. सर्व सत्रे पुरी करणारे पाचांत एकही नव्हते. त्यांना दूरध्वनीवरून मिळालेले साह्य मुख्यतः यंत्र चालविण्यापुरते होते. पुढे 'मूडजिम'बरोबर दूरध्वनीवरून अभ्यासाचीच विचारपूस झाली, तेव्हा चार महिन्यांनी उतार अधिक आढळला. गुण धड्याचा खराच; पण धडा पुरा करविला तो वाट पाहणाऱ्या माणसाने.

तेव्हा असा कार्यक्रम मंडळीतील कोणास सुचविणाऱ्या पाळकाने वा धर्मशिक्षकाने पुढच्या आठवड्यात घरी जाऊन "कुठवर आलात?" असे विचारावे. तेवढी सवड नसेल तर सुचवू नये. हे मूळ कार्यक्रम इंग्रजीतले. दुःख मराठीत सांगणाऱ्याला ते वाचून दाखविण्याचे कामही आपल्याकडे येईल. आणि ज्याने अन्न सोडले, ज्याला जीव नकोसा झाला, त्याच्या हाती कार्यक्रम मुळीच देऊ नये : यंत्राला त्याचा चेहरा दिसत नाही. 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या शासकीय टेलि-मानस सेवेत 14416 या क्रमांकावर मराठी बोलणारे माणूस भेटते. त्याच्या शेजारी बसून तो क्रमांक आपणच लावावा, आणि डॉक्टरांकडे नेतानाही बरोबर जावे.