‘मालकीचा’ ड्रायव्हर : एका संज्ञेची चिकित्सा

पिंगुळीच्या चित्रकथी पोथ्यांची छायाचित्रे अभ्यासण्यासाठी आमच्या एका विद्यार्थ्याने संगणकावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली बसविली. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचे होते. ड्रायव्हरांच्या यादीतील ‘प्रोप्रायटरी’ या शब्दाचा अर्थ त्याने ‘मालकीचा’ असा लावला आणि विचारले, “मग पैसे न भरता मी तो बसवावा कसा?” शंका भाबडी खरी, परंतु दोष विचारणाऱ्याचा नसून संज्ञेचा आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

मालकी हा येथे व्यवच्छेदक धर्मच नव्हे. लिनक्सचे कर्नेल 1992 पासून ज्या मुक्त परवान्याखाली वितरित होते, तो परवाना लेखकांच्या स्वामित्वहक्कावरच उभा आहे. 2010 पासून कर्नेलसोबत येणाऱ्या ‘नूव्हो’ या मुक्त ड्रायव्हरलाही स्वामी आहेतच. उलटपक्षी, एनव्हिडियाचा ड्रायव्हर विनामूल्य मिळतो. भेद आहे तो मूळसंहिता वाचण्याची व बदलण्याची मुभा असण्या-नसण्याचा.

हे दोन अर्थघटक भिन्न आहेत, याचे प्रत्यंतर पिंगुळीतच मिळते. ठाकर कुटुंबांतील पोथ्या त्या त्या घराच्या असतात. तथापि कथन करताना एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरले जाते. तेथे मालकी आहे, झाकलेपण नाही.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. कर्नेलची आवृत्ती बदलली की कर्नेलबाहेरील ड्रायव्हरचा जोडभाग पुन्हा घडवावा लागतो. तो न जुळल्यास पडद्यावर चित्रच उमटत नाही. संहिता खुली असेल, तर जाणकार कोणीही दोष शोधू शकतो. झाकलेली असेल, तर निर्मात्याची वाट पाहावी लागते. म्हणूनच असा ड्रायव्हर चढताच कर्नेल स्वतःवर ‘टेंटेड’ अशी खूण करते. या शब्दाला ‘बाटलेले’ म्हटल्यास सोवळ्या-ओवळ्याची कल्पना शिरते. ‘डागी’ म्हटल्यास डागी आंब्याप्रमाणे माल बिघडल्याचा भास होतो. वस्तुतः खुणेचा आशय एवढाच, की येथील एक भाग आम्हांस तपासता येत नाही.

मे 2022 मध्ये एनव्हिडियाने कर्नेलशी जोडणाऱ्या भागाची संहिता खुली केली. परिणामी यादीतील एकाच ओळीत ‘ओपन’ आणि ‘प्रोप्रायटरी’ हे दोन्ही शब्द आढळतात. ‘मालकीचा’ या प्रतिशब्दाने हा विरोध सुटत नाही. ‘अप्रकट’ म्हटले म्हणजे तो सुटतो : जोडभाग प्रकट, चित्र रेखणारी संग्रहिका मात्र अप्रकट. सबब ‘प्रकट’, ‘अप्रकट’ व ‘अंशतः प्रकट’ ही त्रयी आम्ही सुचवितो.

याचा अर्थ अप्रकट ड्रायव्हर त्याज्य, असा नव्हे. 2014 नंतरच्या अनेक कार्डांना कंपनीची सही असलेले फर्मवेअर लागत असल्याने नूव्हो दीर्घकाळ मंद राहिला; जड चित्रांसाठी दुसरा मार्ग पत्करणे पुष्कळदा क्रमप्राप्तच असते. मात्र आपण काय पत्करीत आहो, हे पत्करणाऱ्यास त्याच्या भाषेत कळले पाहिजे. किमतीविषयी शंका निर्माण करणारी आणि झाकलेपणाविषयी मौन पाळणारी संज्ञा ते कार्य करीत नाही.