अनौपचारिक अध्ययन आणि ओळखीची घडण : मराठी विकिपीडियाच्या संदर्भात

जीन लेव्ह व एटिएन वेंगर यांनी ‘सिच्युएटेड लर्निंग’ (१९९१) या ग्रंथात अध्ययन म्हणजे समुदायाच्या व्यवहारातील सहभाग, अशी मांडणी केली. लायबेरियातील शिकाऊ उमेदवार आधी बटणे लावतो, हातशिलाई करतो. कापड बेतणे फार उशिरा येते. या वाटचालीतच तो ‘शिंपी’ होतो. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाला ही मांडणी सहज लागू पडावी. नवागत शुद्धलेखन सुधारतो, संदर्भ जोडतो, पुढे लेख लिहितो. पदवी कोणी विचारत नाही (प्राध्यापकांना हे काहीसे जड जाते). संपादनांचा इतिहास हीच ओळख.

मात्र त्याच ग्रंथातील खाटकांचे उदाहरण दुर्लक्षून चालणार नाही. अमेरिकेतील एका दुकानात उमेदवारांना मांस गुंडाळण्याच्या यंत्रापाशी उभे केले जाई. कुशल कारागिरांचे काम त्यांच्या दृष्टीसही पडत नसे. विकिपीडियावर सारे दिसते, हे खरे. पण संपादन कारण न देता उलटवले गेले, की नवागताला निर्णय दिसतो, त्यामागील विचार नव्हे. तेथे तोही गुंडाळणीच्या यंत्रापाशीच उभा असतो. चर्चापानावर दोन ओळींत कारण सांगणारा जुना संपादक शिक्षकाचे काम करतो. त्याच्या नावावर त्यातून एकही लेख जमा होत नाही.