घरशाळा कोणाच्या मापाची?

जॉन होल्ट हे नाव शिक्षकांना ओळखीचं आहे ते ‘हाऊ चिल्ड्रन फेल’ (१९६४) या पुस्तकामुळे. त्यांच्या ‘टीच युअर ओन’ (१९८१) या पुस्तकाकडे मात्र शिक्षक सहसा वळत नाहीत. ते साहजिकच आहे. मुलांना शाळेतून काढून घरी शिकवू पाहणाऱ्या अमेरिकन पालकांसाठी ते लिहिलेलं आहे. तरीही शिक्षकांनी ते वाचावं असं आम्हांला वाटतं. ते चांगलं आहे म्हणून, आणि एका महत्त्वाच्या जागी ते अपुरं पडतं म्हणूनही.

होल्ट स्वतः खाजगी शाळांमध्ये पाचवीच्या आसपासच्या वर्गांना गणित शिकवत. शाळा सुधारता येईल या आशेवर त्यांनी बरीच वर्षं लिहिलं आणि भाषणं दिली. पुढे ती आशा सोडून त्यांनी १९७७ साली ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे छोटं नियतकालिक सुरू केलं. घरी शिकवणारे पालक त्यात आपले अनुभव पत्रांतून कळवत. ‘टीच युअर ओन’चा मोठा भाग म्हणजे ही पत्रं आणि त्यांवर होल्ट यांचं भाष्य. १९८५ साली होल्ट वारले. नियतकालिक २००१ पर्यंत चाललं आणि पुस्तकाची सुधारित आवृत्ती त्यांचे सहकारी पॅट फारेंगा यांनी २००३ साली काढली.

होल्ट यांचं खरं बळ निरीक्षणात आहे. ‘हाऊ चिल्ड्रन फेल’मधला तराजूचा प्रसंग आठवावा. मधोमध टेकू असलेल्या दांडीवर एका बाजूला वजन ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूला ठराविक वजन कुठे ठेवलं तर दांडी समतोल राहील हे मुलांनी सांगायचं. नियम सोपा आहे: वजन आणि टेकूपासूनचं अंतर यांचा गुणाकार दोन्ही बाजूंना सारखा हवा. ४ वजनं २ अंतरावर असतील तर २ वजनं ४ अंतरावर. पण मुलं दांडीकडे पाहतच नव्हती, ती शिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहत होती. उत्तर चुकलं तरी अंगाशी येऊ नये अशा बेताने मोघम बोलत होती. १९८२ च्या सुधारित आवृत्तीत होल्ट पुढची गोष्ट सांगतात. तोच तराजू काही न सांगता, काही न विचारता मुलांच्या हाती लागेल असा ठेवून दिला, तेव्हा अभ्यासात कच्ची समजली जाणारी मुलंसुद्धा खेळता खेळता त्याचा नियम शोधून गेली.

‘टीच युअर ओन’ हा या एका निरीक्षणाचा विस्तार आहे असं म्हटलं तरी चालेल. वस्तू द्या, वेळ द्या, भीती काढून घ्या, मूल शिकतं. घरी सहा तास शाळा भरवायची गरज नाही, हा त्यांचा मुद्दाही पटण्यासारखा आहे. आजारी मुलाला घरी येऊन शिकवणारा शिक्षक आठवड्याला थोडेच तास देतो आणि तेवढ्यावर मूल मागे पडत नाही, याकडे ते लक्ष वेधतात. शाळेतल्या दिवसाचा किती भाग रांगा, हजेरी आणि वाट पाहणं यांत जातो हे आपल्याला कोणी सांगायला नको.

आता अपुरेपणाबद्दल. घरी शिकवण्यासाठी पालकाच्या अंगी काय हवं? पदवी नको, असं होल्ट म्हणतात. मुलं आवडायला हवीत, त्यांचा सहवास, त्यांचा उत्साह, त्यांचा वेडेपणासुद्धा आवडायला हवा. वाचताना हे मनाला भिडतं. पण आवड ही काही दिवसभर एकाच पातळीवर राहणारी गोष्ट नाही. तराजू ठेवून तासभर गप्प बसणं शिक्षकाला जमतं, कारण तासानंतर घंटा होते. घरी घंटा होत नाही. स्वयंपाक, म्हाताऱ्या सासूचं औषध, धाकट्याचं रडणं आणि त्यात थोरल्याचे प्रश्न, हे सगळं एकाच माणसाच्या वाट्याला येतं. पुस्तकातली बरीचशी पत्रं आयांनी लिहिलेली आहेत, पण या गोष्टीवर होल्ट फारसे थांबत नाहीत.

शिवाय आईबापांचेही स्वभाव असतात. एखाद्या आईला वेळापत्रक असलं की बरं वाटतं आणि तिच्या मुलीला एकच गोष्ट चार दिवस उकरत बसायचं असतं. एखाद्या बापाला गणिताचीच धास्ती असते आणि मुलगा गणितात रमतो. अशा ठिकाणी होल्ट यांचं उत्तर बहुधा एकच: मुलावर आणखी विश्वास टाका, आणखी मागे सरका. म्हणजे मुलाचा स्वभाव ही समजून घ्यायची वस्तुस्थिती, आणि पालकाचा स्वभाव हा दूर करायचा अडथळा. मुलांना इतक्या बारकाईने पाहणाऱ्या माणसाने मोठ्यांना त्याच नजरेने पाहू नये, ही आमची मुख्य तक्रार आहे. भीतीखाली मूल जसं शिकू शकत नाही तसं थकव्याखाली मोठं माणूस शिकवू शकत नाही. हेही निरीक्षणच आहे.

तुलनेसाठी डेव्हिड आणि मिकी कोलफॅक्स यांचं ‘होमस्कूलिंग फॉर एक्सलन्स’ पाहावं. डेव्हिड समाजशास्त्राचे प्राध्यापक होते, मिकी शिक्षिका. १९७३ च्या सुमाराला ते कॅलिफोर्नियातल्या डोंगराळ भागात राहायला गेले. जमीन साफ करणं, घर बांधणं, शेळ्या पाळणं ही आईबापांचीच कामं होती. चारही मुलगे त्यांत सामील झाले आणि मोजमाप, जीवशास्त्र, वाचन त्या कामांतून वाढत गेलं. पुढे तिघे हार्वर्डला गेले म्हणून हे कुटुंब गाजलं. आम्हांला हार्वर्डचं कौतुक कमी आणि रचनेचं जास्त वाटतं. इथे पालकांनी आपलं आयुष्य बाजूला ठेवून शाळा उघडली नाही. आपल्या कामात मुलांना जागा दिली आणि मुलांच्या कलाप्रमाणे त्या कामाला वळण दिलं. अर्थात जमीन आणि आईबाप दोघांचं उच्च शिक्षण ही भांडवलं त्यांच्याकडे होती. ती नसणाऱ्यांना त्यांचा नमुना जसाच्या तसा उचलता येणार नाही. खरं तर मुलांना मोठ्यांचं खरंखुरं काम पाहायला आणि त्यात हात घालायला आवडतं, हे होल्टही सांगतात. त्यातून पालकाच्या सोयीचा धागा मात्र ते ओढत नाहीत.

हे सगळं आपल्याकडे कशाला, असं कोणी विचारेल. आपल्याकडेही घरी शिकणारी मुलं आहेत. १९८९ साली स्थापन झालेल्या, आज राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंडळातर्फे त्यांना दहावी-बारावीची परीक्षा देता येते. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात घरच्या शिक्षणाचा वेगळा उल्लेख नाही, त्यामुळे या पालकांच्या मनात धाकधूक असते. आणि मार्च २०२० नंतर शाळा बंद झाल्या, तेव्हा तर असंख्य घरांवर ही जबाबदारी न विचारता पडली. त्या काळात घरात उभी राहिली ती बहुतेक ठिकाणी शाळेचीच नक्कल: तेच तास, तेच गृहपाठ, फक्त शिक्षकाच्या जागी चिडलेली आई. ते मुलाच्या मापाचं नव्हतं आणि आईच्याही नाही.

म्हणून एखादे पालक सल्ला मागायला आले तर मुलाबद्दलच्या प्रश्नांबरोबर आपण त्यांच्याबद्दलही विचारावं. दिवसातली कोणती वेळ तुमची स्वतःची राहील? कोणता विषय तुम्हांला नकोसा वाटतो, आणि तो शेजारी, आजोबा किंवा एखादा कारागीर घेऊ शकेल का? महिन्याभराने जमत नाही असं दिसलं तर काय बदलाल? आणि घरातलं दुसरं मोठं माणूस यात कुठे आहे? शेवटचा प्रश्न बहुधा वडिलांना उद्देशून असेल, तो टाळू नये.

‘टीच युअर ओन’ जरूर वाचावं. मुलं कशी शिकतात हे त्यातून कळेल. वाचताना प्रत्येक पत्राच्या कडेला एक प्रश्न मात्र पेन्सिलीने लिहीत जावा: हे लिहिणारी बाई त्या दिवशी किती वाजता निवांत बसली असेल?