काच जाड केली, पण पाणी?

कोकणातील एका माध्यमिक शाळेच्या विज्ञानशिक्षकांचे पत्र आमच्यापुढे आहे. ऑगस्टमध्ये मासेमारीवरची बंदी उठल्यावर आठवीतल्या एका मुलाने धक्क्यावरून एक जिवंत मॅन्टिस श्रिंप बादलीत घालून शाळेत आणला. शिक्षकांनी या प्राण्याविषयी आधी वाचलेले होते. त्याच्या ठोशाने काच फुटते, हे त्यांच्या चांगले लक्षात होते. म्हणून त्यांनी वर्गणी काढून १२ मिलिमीटर जाडीच्या काचेची टाकी करवून घेतली, धक्क्यावरचेच पाणी भरले, हवेचा पंप लावला. तिसऱ्या दिवशी सकाळी प्राणी मेलेला आढळला. ‘काच तर चांगली जाड होती, मग कुठे चुकले?’ असे त्यांनी विचारले आहे.

पत्रासोबत मुलांनी काढलेले चित्र आहे. पुढच्या मोठ्या पायाच्या टोकाला पाच-सहा लांब काटे फणीच्या दात्यांसारखे काढले आहेत. चित्रावरून जात नक्की सांगता येत नाही, पण गट सांगता येतो, आणि तेवढ्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. या प्राण्यासाठी जाड काचेची गरजच नव्हती.

चूक शिक्षकांची आहे असे आम्हांला वाटत नाही. मॅन्टिस श्रिंपबद्दल जे लोकप्रिय लेखन होते त्याची ती चूक आहे, आणि म्हणून त्या लेखनाचीच थोडी तपासणी करावी असे ठरवले.

मॅन्टिस श्रिंप म्हणजे कोळंबी नव्हे. स्टोमॅटोपोडा या कवचधारींच्या वेगळ्या गणातले हे प्राणी. त्यांच्या सुमारे ५०० जाती ज्ञात आहेत आणि शिकारीच्या पद्धतीवरून त्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. आपण त्यांना घणवाले आणि भालेवाले म्हणू. घणवाल्यांच्या पायाचा सांधा गोट्यासारखा फुगीर व टणक असतो. ते खडकांच्या, प्रवाळांच्या भेगांत राहतात आणि शिंपले, खेकडे फोडून खातात. भालेवाले वाळूत किंवा चिखलात बीळ करून दबा धरतात आणि जवळून जाणारा मासा काट्यांनी पकडतात. आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलच्या जाळ्यात मोठ्या संख्येने येणारा मियाकेला नेपा हा भालेवालाच.

काच फुटण्याची कथा खरी आहे, पण ती घणवाल्याची. १९९८ साली इंग्लंडमध्ये टायसन असे नाव दिलेल्या एका चार इंची मॅन्टिस श्रिंपने टाकीची पाव इंच जाडीची काच फोडल्याची बातमी गाजली होती. भालेवाल्यांची मोजमापे पाहिली तर चित्र निराळे दिसते. लायसिओस्क्विलिना मॅक्युलेटा ही या गणातली सर्वांत मोठी जात, पण २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापानुसार तिच्या झडपेचा वेग सेकंदाला सुमारे २ मीटर, म्हणजे घणवाल्याच्या एक दशांशाच्या आसपास. लोकप्रिय लेखनात मात्र या ५०० जातींचा एकच प्राणी होतो. डोळे एकाचे, ठोसा दुसऱ्याचा, रंग तिसऱ्याचा.

अशा लेखनाचा सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे मॅथ्यू इनमन या अमेरिकी व्यंगचित्रकाराने २०१२ साली काढलेली चित्रमालिका. ती विनोदी आहे, वेधक आहे, आणि तिच्यामुळे या प्राण्याचे नाव लक्षावधी लोकांना कळले, हे मान्य करायला हवे. तिच्यातली बंदुकीच्या गोळीची तुलना घ्या. ०.२२ बोअरच्या गोळीइतके त्वरण या पायाला मिळते, हे बरोबर आहे. पण ऐकणारा ‘त्वरण’ विसरतो आणि ‘वेग’ लक्षात ठेवतो. शीला पटेक यांनी रॉय काल्डवेल आदी सहकाऱ्यांबरोबर २००४ साली ओडोन्टोडॅक्टिलस स्किलॅरस या घणवाल्याच्या ठोशाचे अतिवेगवान चित्रण प्रसिद्ध केले. त्यात सर्वाधिक वेग सेकंदाला २३ मीटर भरला. म्हणजे ताशी ८३ किलोमीटर. आपला एखादा वेगवान गोलंदाज ताशी १४० किलोमीटरने चेंडू टाकतो. मग गोळी कुठे आली?

हे गणित नववी-दहावीच्या वर्गात जरूर करून पाहावे. गोळी नळीतून सेकंदाला ३३० मीटर वेगाने बाहेर पडते आणि नळी अर्धा मीटर लांब आहे असे धरा. गतीच्या तिसऱ्या समीकरणावरून सरासरी त्वरण येते सेकंदवर्गाला सुमारे १,१०,००० मीटर. पटेक यांच्या मोजमापात पायाचे कमाल त्वरण सुमारे १,००,००० मीटर आहे. तुलना चपखल बसते, आणि तीही हवेत नव्हे, पाण्यात हालणाऱ्या पायाची! स्नायू एकट्याने हे करू शकत नाही. पायातला खोगिराच्या आकाराचा कवचाचा तुकडा आधी दाबला जातो, खिटी अडकते आणि ती सुटली की साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होते. धनुष्याची ओढलेली दोरी सोडावी तसे. ही यंत्रणा सांगितली असती तर गोष्ट अधिक आश्चर्यकारक झाली असती. पाणी ‘उकळते’ हेही तसेच अर्धवट. तिथे दाब एकाएकी कमी झाल्यामुळे वाफेचा बुडबुडा होतो, आणि तो मिटताना शिकारीवर दुसरा आघात होतो.

रंगांच्या बाबतीत मात्र गोष्टच उलटली आहे. माणसाच्या डोळ्यांत रंगांसाठी तीन प्रकारच्या ग्राहकपेशी, यांच्या डोळ्यांत बारा. तेव्हा आपल्या कल्पनेपलीकडचे रंग त्यांना दिसत असणार, असे अनुमान चित्रमालिकेत आहे. १९८९ पासून किमान दहा प्रकारांची माहिती होती आणि अनुमान मोहक होते. पण २०१४ साली हॅने थोएन, जस्टिन मार्शल आणि सहकाऱ्यांनी हाप्टोस्क्विला या प्रजातीतल्या प्राण्यांना विशिष्ट रंगाच्या प्रकाशाकडे गेल्यावर खाऊ मिळतो असे शिकवले आणि मग दुसरा रंग हळूहळू जवळ आणला. तरंगलांबीतला फरक साधारण १२ ते २५ नॅनोमीटरच्या खाली गेला की त्यांना दोन रंग वेगळे ओळखता येईनात. माणूस १ ते ४ नॅनोमीटरचा फरक ओळखतो. म्हणजे रंगांच्या बारकाव्यात आपणच सरस. बारा पेशींचा उपयोग बहुधा रंग झटपट ओळखण्यासाठी होत असावा. २०१२ च्या चित्रकाराला २०१४ चा निष्कर्ष न कळल्याबद्दल दोष देता येणार नाही. पण तेच विधान आज वर्गात सांगणाऱ्यांना काय म्हणावे?

आता पुन्हा त्या टाकीकडे. आमच्या मते चमत्कारकथांचे सर्वांत मोठे नुकसान असे की, प्राणी पाळण्याच्या संदर्भात त्या वाचकाला फक्त त्याच्या ताकदीची काळजी करायला शिकवतात. कात टाकल्यावर मऊ पडलेला, बिळात लपून राहणारा, पाण्यातल्या किंचित बदलाने कासावीस होणारा जीव त्यांत कुठेच नसतो.

याच्या नेमके उलट लेखन म्हणजे बर्कली येथील प्राध्यापक रॉय काल्डवेल यांनी हौशी लोकांसाठी केलेली जातींची यादी. तिच्यात विनोद नाही, जवळजवळ वाक्येही नाहीत. कोणती जात किती मोठी होते, कुठे राहते, घरच्या टाकीत टिकते की नाही, एवढेच. तरीही ती वाचल्यावर ‘मॅन्टिस श्रिंपसाठी टाकी’ हा प्रश्नच चुकीचा आहे हे कळते. कोणत्या जातीसाठी, असे आधी विचारावे लागते. बोटाएवढ्या निओगोनोडॅक्टिलस वेनेरीला वीस-तीस लिटरची टाकी आणि दगडाची एक भेग पुरते. भालेवाल्याला त्याच्या लांबीहून खोल वाळूचा थर लागतो. या यादीत उणे असेल तर कारणांचे स्पष्टीकरण. आपल्या शिक्षकाला ‘का’ हवे असते, आणि ते शोधणे त्याच्यावरच सोडलेले आहे.

परदेशी मार्गदर्शकांतला एक सल्ला तर आपल्याकडे पाळूच नये. ‘जिवंत खडक’ आणा, असे त्यांत हमखास असते. हे खडक म्हणजे मुख्यतः प्रवाळांचे सांगाडे. दगडी प्रवाळ आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि ते गोळा करणे गुन्हा आहे. स्पंज फिल्टर, स्वच्छ धुतलेली वाळू, काळा दगड आणि प्लास्टिकच्या नळीचा तुकडा एवढ्यावर काम भागते.

शिक्षकांना आम्ही पुढीलप्रमाणे लिहिले. तुमचा प्राणी नेमका कशाने मेला हे सांगता येणार नाही. जाळ्यातच तो जखमी झालेला असू शकतो. पण ऑगस्टमधले खाडीच्या तोंडाचे पाणी पावसामुळे पातळ झालेले असते. समुद्राचे पाणी लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षारांचे हवे. हायड्रोमीटरने ते तपासावे. दुसरे, टाकी नवी होती. प्राण्याच्या उत्सर्गातला अमोनिया नायट्राइटमध्ये आणि नायट्राइट नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू वाळूत आणि स्पंजात वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. समुद्राचे पाणी अल्कधर्मी असल्याने त्यात अमोनिया अधिकच विषारी ठरतो. तेव्हा कोळंबीचा एक तुकडा रिकाम्या टाकीत टाका आणि मुलांना रोज अमोनिया, नायट्राइट मोजून आलेख काढू द्या. बाष्पीभवनाने पाणी घटले तर गोडे पाणी घाला; क्षार उडून जात नाहीत, त्यामुळे खारे घातले तर खारटपणा वाढतच जातो. माशांच्या रोगावरचे तांबेयुक्त औषध चुकूनही वापरू नका. या प्राण्याच्या रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या प्रथिनात तांबे असते, तरी पाण्यात विरघळलेले तांबे त्याला मारते (मुलांना हे कोडे घालून पाहा). वीज गेल्यावर पंप किती वेळ बंद राहतो, याचीही नोंद ठेवा. आमच्या अंदाजाने तुमच्या गावात हाच सर्वांत अवघड प्रश्न ठरेल.

त्यांचे उत्तर परवाच आले. सहाव्या आठवड्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले. आलेख भिंतीवर लावला आहे. वीज तीनदा गेली, एकदा पाच तास. टाकीत अजून कोणी नाही. बोटीवरून प्राणी आणायचा की नाही यावर वर्गात दोन तट पडले आहेत, आणि ज्या मुलाने तो पहिला प्राणी आणला होता तो ‘नाही’ म्हणणाऱ्यांत आहे.